करोनात आईची तपासणी राहून गेली, तुमच्या घरी काय झालं?

स्वप्नाली_करमाळा | १२ जून २०२३, रात्री ११:२०

बरेच दिवस लिहू की नको करत होते. गेल्या महिन्यात ५ तारखेला बातमी आली की जागतिक आरोग्य संघटनेनं करोनाची आणीबाणी संपली असं जाहीर केलं. घरात सगळे सुटलो एकदाचे म्हणाले आणि मी आतल्या खोलीत जाऊन रडले, कारण आमच्या घरात करोना कधी आलाच नाही, एकाचीही टेस्ट पॉझिटिव्ह आली नाही, आणि तरी आई गेली.

आई गावी असायची, करमाळा तालुक्यात. वय ५६, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. फेब्रुवारी २०२० मध्ये अंगावरून थोडं लाल जायला लागलं. तिनं आधी कुणाला सांगितलंच नाही, वहिनीच्या लक्षात आलं तेव्हा तिनं मला पुण्याला फोन केला. तालुक्याच्या डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या गर्भपिशवीच्या तोंडाशी जखम दिसतेय, तुकडा काढून तपासायला पाठवू, सोमवारी या. तो सोमवार म्हणजे २३ मार्च. रविवारी जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी थाळ्या वाजल्या, सोमवारी जमावबंदी लागली आणि एसटी बंद, मंगळवारी रात्री लॉकडाऊन जाहीर. मॅडमनी फोनवर रक्त थांबायच्या गोळ्या सांगितल्या, त्या दिवसांत त्या तरी अजून काय करणार होत्या. गोळ्यांनी थांबलं. आणि थांबलं म्हणजे बरं झालं असं आम्ही सगळ्यांनी धरलं, मी शिकलेली, मी सुद्धा.

मी रोज फोन करायचे. रोज विचारायचे सॅनिटायझर आहे का, मास्क लावता का, भाजी धुऊन घेता का. ते पुन्हा जातंय का हे मी दोनदाच विचारलं असेल, दोन्ही वेळा आई म्हणाली नाही गं, आता काही नाही. खरं तर जून पासून परत सुरू झालं होतं. हे आम्हाला कळलं ती गेल्यावर, तिची ट्रंक आवरताना जुन्या लुगड्याच्या घड्या सापडल्या, धुऊनही डाग न गेलेल्या. वहिनी म्हणाली, म्हणूनच त्या पहाटे चारला उठून कपडे धुवायच्या, मला वाटायचं त्यांना झोप लागत नाही.

दिवाळीनंतर वास यायला लागला आणि कंबर धरून बसायला लागली, पाय सुजले. तेव्हा कुठे नेलं. तोपर्यंत गाठीनं लघवीच्या नळीवर दाब देऊन एक किडनी फुगली होती, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, स्टेज तीन. किडनी बिघडल्यामुळे शेकासोबत, म्हणजे रेडिएशनसोबत, जी केमो देतात ती पूर्ण देता आली नाही. आधी नळी टाका, किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन खाली येऊ द्या, मग शेक. ऑगस्ट २०२२ मध्ये आई गेली.

ते २३ मार्चला केलं असतं तर वाचली असती का, हे मला कुणी सांगू नका, मी रोज स्वतःला विचारतेच. लिहायचं कारण दुसरं आहे. आईची गावातली मैत्रीण आहे, मी काकू म्हणते, ६२ वर्षांच्या. परवा गावी गेले तर सहज बोलता बोलता म्हणाल्या, लशीचा दुसरा डोस घेतल्यापासून मधून मधून लाल जातं, लशीमुळं होतं म्हणे तसं. म्हणजे दीड वर्ष! दवाखान्यात चला म्हटलं तर आता पेरणी होऊ दे, मग बघू. त्यांना कसं समजवू? आणि तुमच्याकडेही असं कुणाचं राहून गेलं असेल तर लिहा प्लीज, मला वाटतं आपण हे बोललोच नाही कधी.

---

पळसपान | १३ जून, सकाळी ७:०५

स्वप्नाली, वाचून सकाळी सकाळी डोळे भरले. पहाटे चारला उठून कपडे धुणं... माझ्या आजीचंही असंच होतं, तो काळ तर करोनाचा पण नव्हता. काकूंना सोडू नका.

---

डोंबिवलीकर७१ | १३ जून, सकाळी ९:४८

पुरुष म्हणून या धाग्यावर लिहावं का असा विचार आला, पण बायकोनंच सांगितलं लिहा.

माझ्या मिसेसना जानेवारी २०२० मध्ये ओव्हरीचा कॅन्सर निघाला. पोट फुगत होतं, आम्ही गॅस गॅस म्हणत दोन महिने काढले, शेवटी सोनोग्राफीत पोटात पाणी आणि रक्तात सीए १२५, म्हणजे या कॅन्सरची खूण, खूप वाढलेलं. प्लॅन असा ठरला की आधी तीन केमो, मग मोठं ऑपरेशन, मग उरलेल्या तीन केमो. तिसरी केमो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाली, म्हणजे ऑपरेशन एप्रिलमध्ये. पण जिथे ऑपरेशन होणार होतं ते हॉस्पिटल करोनासाठी घेतलं गेलं, आयसीयू सगळं तिकडे, आणि या ऑपरेशनला नंतर आयसीयूचा बेड लागू शकतो, रक्ताच्या पिशव्या लागतात, रक्तदान शिबिरं बंद पडलेली. सर म्हणाले केमो चालू ठेवू, थांबून राहण्यापेक्षा ते बरं. चौथी झाली, पाचवी झाली, सहावी झाली.

लोकल बंद. डोंबिवलीहून गाडी करून जायचं, जाऊन येऊन साडेतीन-चार हजार, ते पण ड्रायव्हर तयार झाला तर. नाक्यावर पोलीस अडवायचे, मी फाईल वर धरायचो, टोपी घातलेलं तिचं डोकं बघूनच बरेच जण सोडून द्यायचे. कोणी त्रास दिला नाही हे इथे लिहायलाच हवं.

शेवटी जुलैत तारीख मिळाली, ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. ताप नाही, खोकला नाही, काही नाही. परत पुढे. ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. २०२२ मध्ये आजार उलटला, आता गोळ्यांवर आहे, स्वतः स्वयंपाक करते, काल गावठी आंब्याचा मुरांबा घातला. पण रात्री कधी कधी विचारते, एप्रिलमध्येच झालं असतं तर उलटला नसता का हो. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

सिस्टर_वसुधा | १३ जून, दुपारी ३:३०

मी नर्स आहे, मुंबईत रेडिएशन विभागात होते त्या दोन वर्षांत. आमची मशीन एक दिवस बंद राहिली नाही हे मला अभिमानानं सांगायचंय, पण मशीन चालू असणं आणि पेशंट तिथपर्यंत पोचणं यात फार अंतर होतं.

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला साधारण २५ शेक असतात, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, त्यात आठवड्याला एक केमो, आणि मग आतले शेक. हे सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे, लांबलं की आजार पुन्हा डोकं वर काढतो. हे कोर्स सुरू करतानाच समजावून सांगतात. म्हणून करोनात आमच्याकडे बायका काय करायच्या माहितेय? ताप लपवायच्या. गेटवर टेंपरेचर बघतात म्हणून पहाटे पॅरासिटामॉल घेऊन यायच्या. एक ताई मला हात जोडून म्हणाल्या, सिस्टर माझे चारच शेक राहिलेत, तपासू नका. मी तपासलं. पॉझिटिव्ह आली. चौदा दिवस खंड पडला, नंतर डॉक्टरांनी राहिलेले शेक कसेबसे बसवून, दिवसाला दोनदा देऊन भरून काढायचा प्रयत्न केला. त्यांनी माझ्याशी नंतर बोलणं सोडलं. मी तपासलं ते बरोबरच होतं, शेजारच्या बाकावर केमोनं पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या बायका बसलेल्या असायच्या. तरीही त्या ताईंचा चेहरा जात नाही.

दुसरं म्हणजे राहायचं. बाहेरगावच्या पेशंट धर्मशाळेत राहतात, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत किंवा अशाच कुठे, नाहीतर नातेवाईकाकडे. नातेवाईकांनी सोसायटीचं कारण सांगून दार लावलं अशी किती उदाहरणं सांगू. अर्ध्या कोर्समधून लेकरांच्या काळजीनं गावी निघून गेलेल्या बाया होत्या, फोन केला की म्हणायच्या गाड्या सुरू झाल्या की येते. काही आल्या, काही नाही आल्या.

---

रोखठोक | १३ जून, रात्री ८:१५

सर्वांबद्दल सहानुभूती आहे, पण एक विचारतो. त्या वेळी जग बंद होतं. डॉक्टर मरत होते, नर्सेस मरत होत्या. आता मागे वळून हे चुकलं ते चुकलं म्हणणं सोपं आहे. मग काय करायला हवं होतं? कॅन्सरच्या पेशंटला गर्दीत बोलावून करोना दिला असता तर तेही वाईटच झालं असतं ना?

---

डॉ_मृण्मयी | १३ जून, रात्री १०:५५

रोखठोक, प्रश्न योग्य आहे आणि मार्च-एप्रिल २०२० मध्ये आम्ही सगळे हाच विचारत होतो. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, कॅन्सर सर्जन नाही, पण पहिल्यांदा पेशंट आमच्याकडेच येते म्हणून लिहिते.

तेव्हा परदेशातून येणारी माहिती अशी होती की केमोवरच्या पेशंटला करोना झाला तर धोका फार, म्हणून थांबता येईल ते थांबवा. त्यात तथ्य होतं. पण थांबता येईल ते म्हणजे काय, हे आजार बघून ठरतं. गर्भाशयाच्या अस्तराचा अगदी सुरुवातीचा, सौम्य प्रकारचा कॅन्सर असेल तर हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवून ऑपरेशन काही आठवडे पुढे नेता येतं. ओव्हरीत डोंबिवलीकरांच्या मिसेसना दिली तशी केमो वाढवून वेळ काढता येतो. पण पिशवीच्या तोंडाचा पुढे गेलेला कॅन्सर, रक्त जातंय, त्याला थांबवणं म्हणजे हातचं घालवणं. टाटा हॉस्पिटलनं अगदी पहिल्या महिन्यातच ठरवलं की आपण चालू राहायचं, तिथल्याच डॉ. प्रमेश आणि डॉ. बडवे यांनी त्यावर अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात लिहिलंही होतं. त्यांचं म्हणणं साधारण असं की आपल्याकडे कॅन्सर थांबवून ठेवला तर त्याची किंमत करोनापेक्षा जास्त पडेल.

आणि किती पडली याचे आकडे आहेत. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांनी मार्च ते मे २०२० हे तीन महिने आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहिले. मोठी ऑपरेशनं ४९ टक्क्यांनी कमी, डे-केअरमधली केमो ३७ टक्क्यांनी, शेक २३ टक्क्यांनी. पण सगळ्यात मोठी घट कुठे माहितेय, नवीन पेशंटच्या नोंदणीत, ५४ टक्के. १ लाख १२ हजारांवरून ५१ हजारांवर. सगळ्या प्रकारचे कॅन्सर धरून. आजार तर कमी झाला नव्हता. मग त्या साठ हजार माणसांचं काय झालं? ती घरी बसली होती, स्वप्नालीच्या आईसारखी, नावाची फाईल सुद्धा न निघता. म्हणून मला वाटतं सिस्टर वसुधांच्या विभागात जे घडलं ते दुःखद होतं, पण तिथे निदान कुणीतरी मोजत होतं. जी बाई तुकड्याच्या आधीच थांबली ती कुणाच्याच यादीत नाही. त्यामुळे बंद करायला हवं होतं की नाही यापेक्षा मी असं विचारेन, उघडल्यावर आपण त्यांना शोधायला गेलो का? माझ्याच रजिस्टरमध्ये मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात तपासणीला या म्हणून लिहिलेल्या चौदा जणी होत्या. मी फोन करायला सुरुवात केली सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरमध्ये! आधी का नाही केला, याचं मला आजही वाईट वाटतं. नऊ जणी लागल्या, बाकीच्यांचे नंबर बदललेले.

स्वप्नाली, काकूंबद्दल. लशीनंतर पाळीच्या तारखा थोड्या मागेपुढे झाल्या हे खरं आहे, पण ते पाळी चालू असलेल्या बायकांचं, आणि एखाददुसऱ्या महिन्यात जागेवर आलं. पाळी जाऊन वर्ष उलटलं असेल तर त्यानंतर दिसलेला एक थेंब सुद्धा तपासायचा, लस घेतलेली असो नसो. दहातल्या नऊ जणींना कॅन्सर नसतोच, अस्तर कोरडं पडलेलं असतं, मस असतो. हे त्यांना आधी सांगा, कारण बहुतेक बाया दवाखान्याला नाही, त्या शब्दाला घाबरून येत नाहीत. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात, ४ मिलिमीटरच्या वर असेल तर आतला नमुना घेतात. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी.

---

रोखठोक | १४ जून, सकाळी ८:४०

डॉक्टर, पटलं. साठ हजारांचा विचार मी कधी केला नव्हता. आईला (७०) आज विचारतो, आजवर हे तिला कधी विचारलंच नाही.

---

आशाताई_धाराशिव | १४ जून, दुपारी १:२०

मी आशा आहे, नाव गाव लिहीत नाही. ताई लोकांनो आमची बाजू पण ऐका. करोनाच्या आधी आमच्या उपकेंद्रात तिशीच्या पुढच्या बायांची तपासणी व्हायची, फॉर्म आम्ही भरायचो, सिस्टर पिशवीच्या तोंडाला औषध लावून बघायच्या, पांढरं उमटलं तर पुढे पाठवायच्या. बाया यायलाच तयार नसतात, एकेकीच्या घरी तीन तीन चकरा मारून आणायच्या. मार्च २०२० ला हे सगळं जागच्या जागी थांबलं. आम्हाला बाहेरून आलेल्यांची यादी, मग ऑक्सिजन मोजायचं, सप्टेंबरपासून माझे कुटुंब माझी जबाबदारीचा सर्व्हे, मग लस. रोज पन्नास घरं. ज्या घरात ताप विचारायला जायचो त्याच घरात ती बाई असायची जिला तपासणीला न्यायचं होतं, पण सगळं घर अंगणात उभं असताना तिला हे विचारणार कसं.

आमचा जिल्हा म्हणजे जुना उस्मानाबाद. इथंच बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलनं आणि टाटानं मिळून गावोगाव फिरून एक लाख तीस हजार बायांचा अभ्यास केला होता, २००९ ला त्याचा निकाल आला, एका एचपीव्ही तपासणीनं (ज्या विषाणूमुळं पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो आहे का बघायची) त्या कॅन्सरचं मरण निम्म्यावर येतं म्हणून. माझ्या सासूबाई होत्या त्यात, अजून सांगतात गाडी यायची, बाया भाकरी बांधून जायच्या. जगाला ज्या गावांनी शिकवलं त्या गावात दोन-तीन वर्षं तपासणी नाही, हे मनाला लागतं.

काकूंचं सांगते. पेरणीचं कारण खरं नसणार. दोन गोष्टी असतील, पैसा आणि सोबत. राशन कार्ड केशरी किंवा पिवळं असेल तर महात्मा फुले योजनेत ऑपरेशन, केमो, शेक बसतं, कार्ड आणि आधार सोबत न्या. आणि तिकडे घेऊन जा म्हणून मुलाला सांगू नका, मुलाला सांगायची लाज वाटते बायांना. तुम्ही स्वतः जा, आदल्या रात्री मुक्कामाला, सकाळी सोबत निघा.

---

वैशाली_मेलबर्न | १४ जून, दुपारी ४:०२

आमच्याकडे लॉकडाऊन फार लांबलं होतं, घरापासून पाच किलोमीटर एवढंच, आणि माझीही तपासणी वर्षभर पुढे गेली. पण नंतर इथे जुलै २०२२ पासून कुणालाही एचपीव्हीसाठी स्वतःच काडीनं नमुना घ्यायची सोय झाली, पडद्यामागे जायचं, दोन मिनिटं, झालं. आशाताई, मला वाचताना सारखं वाटत होतं की पहाटे चारला कपडे धुणाऱ्या बाईनं हे नक्की केलं असतं.

---

पळसपान | १४ जून, संध्याकाळी ६:३३

मुली असलेल्यांनी एचपीव्हीच्या लशीचं पण बघा. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक जानेवारीत आली आहे, ९ ते १४ वयात द्यायला सगळ्यात चांगली. आमच्या लेकीची शाळेच्या वयातली इतर लस पण करोनात राहिली होती, तेव्हा कार्ड काढून बघितलं तर हेही विचारून घेतलं.

---

डोंबिवलीकर७१ | १४ जून, रात्री ९:१०

डॉक्टर मॅडम, तुम्ही त्या नऊ जणींना फोन केला त्यांचं पुढे काय झालं, सांगता येईल का?

---

डॉ_मृण्मयी | १४ जून, रात्री ११:४०

सात जणी आल्या. पाच जणींना काही नव्हतं. एकीला कॅन्सरच्या आधीची अवस्था होती, ती ओपीडीतच उपचार करून संपली. एकीला कॅन्सर होता, मार्चमध्ये पाहिलेली जखम माझ्या टिपणात अर्धा सेंटिमीटर लिहिलेली आहे, सप्टेंबरमध्ये चार. तिचे शेक पूर्ण झाले, तपासणीला येते. बाकी दोघींनी फोनवरच सांगितलं की आता बरं आहे.

---

स्वप्नाली_करमाळा | २३ जून, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार, रोज वाचत होते पण लिहायला जमलं नाही.

आशाताईंनी सांगितलं तसंच केलं. बुधवारी रात्री काकूंकडे मुक्कामाला गेले, काही बोलले नाही त्यावर, नुसतं जेवलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना आईच्या ट्रंकेतल्या घड्यांचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग उठून दिवा लावला आणि कपाटाच्या तळातून स्वतःच्या दाखवल्या. गुरुवारी सकाळच्या एसटीनं बार्शीला गेलो. पेरणीचं काही नव्हतंच, पाऊसच कुठे पडलाय अजून. कार्ड केशरी आहे, आधारवर नावात एक अक्षर चुकलंय, ते दुरुस्त करायला सांगितलंय.

सोनोग्राफीत अस्तर ११ मिलिमीटर आलं. तिथल्या मॅडम फार चांगल्या बोलल्या, काकूंना म्हणाल्या घाबरू नका पण उशीर पण करू नका. नमुना घेतला, तपासायला पाठवलाय, रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी.

परत येताना एसटीत काकू खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, तुझ्या आईला पण असं कुणी येऊन मुक्काम करायला पाहिजे होता गं. मी त्यांचा हात धरून बसले, काही बोलता आलं नाही.

रिपोर्ट आला की लिहिते.